दवंडीचा डबा

३ जानेवारी

धाकटे,

पत्र बघून दचकली असशील. ताई आणि कागद-पेन! पण तू आठवडाभर फोन करते आहेस आणि मी उचलत नाही, त्याचं कारण फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तुझा आवाज येतो, हेच ते कारण.

तुझा आवाज मी सकाळी टेबल मांडल्यापासून संध्याकाळी शिलाई मशीनवर टोपण घालेपर्यंत ऐकते. "साठ जमा झाले. धन्यवाद!" "पस्तीस जमा झाले. धन्यवाद!" थंडी सुरू होताना तू आलीस, जिन्याखालच्या माझ्या टेबलावर तुमच्या कंपनीचा तो डबा ठेवलास, भिंतीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कागद चिकटवलास. गिऱ्हाईकानं फोन त्या कागदासमोर धरला की पैसे माझ्या खात्यात, आणि आले की डबा ओरडून सांगणार. पहिल्यांदा त्यातून तुझाच आवाज आला तेव्हा मला रडू आलं होतं. साऱ्या बोळाला सांगत सुटले, ही माझी धाकटी बहीण बोलते आहे म्हणून. समोरचा चप्पलवाला काका म्हणाला, "पोरीनं नाव काढलं हो."

नाव काढलंस खरं. आता माझं बिंग फोडते आहेस.

आमचा किल्लीवाला तुला आठवत असेल. कमरेला जुडगा लावून फिरतो, इमारतीची देखभाल करतो आणि जिन्याखालच्या जागेचं भाडं माझ्याकडून घेतो. आजवर तो विचारायचा, "काय बाई, धंदा कसा काय?" मी म्हणायचे, "चाललंय रडतखडत." तोही मान डोलवायचा. बरे दिवस असोत की वाईट, माझं उत्तर ठरलेलं आणि त्याचं भाडंही ठरलेलं. आता गेला महिनाभर त्यानं आपलं स्टूल माझ्या टेबलाजवळ आणून ठेवलं होतं. मला वाटलं, ऊन खातोय. पहिल्या तारखेला त्यानं भाडं दीडपट केलं. मी म्हटलं, "अहो, एवढं कुठून देऊ?" तर म्हणतो कसा, "मला काय विचारता बाई, तुमची बहीणच सांगते की दिवसभर."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं उगाच म्हणत नाहीत. आपल्यासारख्यांकडे तिजोरी नसते, कुलूप नसतं, वकील नसतो. आपलं किती आणि काय हे दुसऱ्याला कळत नाही, एवढाच काय तो आपला बंदोबस्त. तो तू आठ बोटांच्या डब्यात घालून बोळात मांडलास.

डबा परत ने म्हणवत नाही, कारण सुटे पैसे हल्ली कुणी खिशात ठेवतच नाही. पण निदान त्याचा आवाज तरी कमी कर. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली आहे.

तुझ्या भाचीला चष्म्याच्या कोर्सला जागा मिळाली. डोळे तपासायचे, काचा घासायच्या, फ्रेमी बसवायच्या. निम्मी फी आत्ता भरायची, निम्मी एप्रिलच्या शेवटी. कशी भरायची ते बघते आहे.

तुझी ताई


११ जानेवारी

ताई,

तुझं पत्र हॉस्टेलच्या पायरीवर बसून वाचलं. आधी हसले आणि मग मला रागच आला. तुला सांगते, ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं.

आवाज कमी होत नाही, मुद्दाम तसा ठेवलेला आहे. लोक फोनवर पैसे पाठवल्याचं खोटं चित्र दाखवतात आणि पसार होतात. तुझं लक्ष सुईकडे, तू कुठे बघत बसणार? म्हणून डबा ओरडतो. तुझ्याच भल्यासाठी ओरडतो. भाडं किल्लीवाल्यानं वाढवलं तर भांडण किल्लीवाल्याशी कर की! माझ्या घशाशी कसलं?

आणि विसरलीस वाटतं. भाऊजी गेल्यावर तू खातं उघडायला गेली होतीस. काचेपलीकडच्या माणसानं विचारलं, कामाचा पत्ता काय? तू म्हणालीस, "जिन्याखाली." तो शेजारच्याकडे बघून हसला, आणि तू कागद तिथेच टाकून घरी आलीस. मी तेव्हा शाळेत होते, पण तुझं तोंड अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. ताई, मी या कंपनीत त्या माणसाच्या हसण्यामुळे आले. आमच्याकडे तुला पत्ता कुणी विचारला का? जिन्याखालीही खातं आलं की नाही?

आणि ऐक, आता खरी बातमी. रोज किती येतात ते डब्याला माहीत असतं, म्हणजे तुझी पतही त्यालाच माहीत. तुझ्या फोनवर एक निळी पट्टी आली असेल, "कर्ज हवे का?" तिच्याखाली "होय" आहे. ते दाबलंस की झालं. कागद नाही, जामीन नाही, कुणाच्या पाया पडणं नाही. रोजच्या कमाईतून थोडं थोडं आपोआप कापलं जाईल, तुला कळणारही नाही. भाचीची फी भरून टाक. तिचं कौतुक सांग.

मी मात्र दमते गं. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे चारी भिंतींना स्पंज, खिडकी नाही. "हसून बोला," असं काचेतून सांगतात, हसू आवाजात ऐकू येतं म्हणे. संध्याकाळी गाल दुखतात.

तुझी धाकटी


२ फेब्रुवारी

धाकटे,

"होय" दाबलं. पैसे खरंच आले, मला घाम फुटला. निम्मी फी भरली. पोरगी रोज सकाळी पांढरा कोट घालून जाते, तो मीच शिवला, खिशाला दुहेरी शिलाई मारली. त्या बाबतीत तुझं म्हणणं खरं झालं आणि ते मी कबूल करते. तुझ्यासारखी नाक वर करून बसणारी मी नाही.

आता दुसरी गोष्ट. "तुला कळणारही नाही" असं तू लिहिलं होतंस. मला तर कळतंच, बोळालाही कळतं. डबा आता म्हणतो, "ऐंशी जमा झाले. तीस कापले. धन्यवाद!" कापले तरी धन्यवाद? खिसा कापणाराही जाताना एवढा लाघवी बोलत नाही. गिऱ्हाइकं हसतात. परवा एकानं पँटची उंची कमी करून घेतली, पैसे दिले, डब्याचं ऐकलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही माझं चार बोटं कापलंत, त्यानं तुमचं सहा बोटं कापलं." मीही हसले. काय करणार?

हप्ता रोजचा आहे, गिऱ्हाईक येवो न येवो. इकडे बोळाच्या तोंडाशी पाण्याची नळी टाकायला रस्ता खणून ठेवला आहे. फळी टाकली आहे, तिच्यावरून तोल सांभाळत माणसं येतात. म्हाताऱ्या बायका येतच नाहीत. हे किती दिवस चालणार ते खणणाऱ्यालाही ठाऊक नाही.

एक गंमत सांगू? शंभराच्या पुढचा आकडा असला की डब्यातून आधी बारीकसा श्वास ऐकू येतो, मग आकडा. तू लहानपणी माझ्या बटणांच्या डब्यातली बटणं मोजायचीस तेव्हा शंभरावर पोचलीस की असाच श्वास घ्यायचीस, पुढे विहिरीत उडी मारायची असल्यासारखा. तुला आकडे मी शिकवले. तेच आता मला ऐकवतेस. असो.

कापले म्हणणं तेवढं बंद करता आलं तर बघ.

तुझी ताई


१० फेब्रुवारी

ताई,

घाईत लिहिते. मला कायम केलं! पगार वाढला, टेबल मिळालं, टेबलावर माझ्या नावाची पाटीही आली. मोठ्या मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की या मुलीचा आवाज म्हणजे विश्वास. तू असायला हवी होतीस.

काही किरकोळ नवी वाक्यं रेकॉर्ड केली, त्या गडबडीत आठवडा गेला. "कापले"चं विचारते, पण खरं सांगू का, लोकांच्या हसण्याकडे लक्ष देऊ नकोस. एक मात्र लक्षात ठेव, डबा बंद ठेवू नकोस. दिवसभर बंद राहिला तर त्याचाही दंड बसतो. आणि हप्ता चुकवू नकोस. म्हणजे तू चुकवणार नाहीसच, आपलं सांगून ठेवते.

रस्ता लवकर बुजेल.

धाकटी


९ मार्च

तुला नावानं हाक मारायची इच्छा नाही, म्हणून तशीच सुरुवात करते.

रस्ता बुजला नाही. उलट खणताना कसलीशी तार तुटली आणि चार दिवस बोळात कुणाचेच फोन चालले नाहीत. पैसे यायचे कुठून? डबाही चार दिवस मुका होता. तेवढेच चार दिवस सुखाचे. तार जोडली आणि दुपारी ऐन गर्दीत त्यानं तोंड उघडलं.

"या दुकानाचा हप्ता थकला आहे. कृपया लवकर भरा. धन्यवाद!"

माझ्यासमोर एक बाई उभी होती. मुलाच्या लग्नात नवऱ्यानं घालायचा कोट घेऊन आली होती. भारी कापड, आतून रेशमी अस्तर, मी खांद्याला टाचण्या लावत होते. मागे आणखी दोघी होत्या. मला आधी कळलंच नाही कुणाचं थकलं ते. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डब्यावर हात दाबून धरला, तर तो हाताखालून पुन्हा बोलला. ती बाई चांगली होती, भांडली नाही. "असू दे," म्हणाली, "आमचं अजून नक्की नाही, कोट परत द्या." टाचण्यांसकट घेऊन गेली. काढून देते म्हटलं तर थांबलीसुद्धा नाही.

तुला माझ्या धंद्यातलं काही कळतं का गं? इथे माल माझा नसतो. लोक अंगावरचे कपडे माझ्या भरवशावर टाकून जातात, पावती नाही, काही नाही. उद्या-परवा येतात आणि त्यांना खात्री असते की बाई इथेच असेल, कोट इथेच असेल. जिचा हप्ता थकला, ती उद्या जिन्याखाली असेलच याचा काय नेम? असं मलाही वाटलं असतं. संध्याकाळपर्यंत तीन गाठोडी परत गेली. डबा तासातासाला बोलत होता. किल्लीवाला स्टूल घेऊन आला नाही, लांबूनच बघत राहिला. पुढच्या महिन्याचं भाडं आगाऊ मागितलं त्यानं.

कर्ज मी बुडवलं नव्हतं. चार दिवस मागे पडले होते. किराणावालाही चार दिवस थांबतो, आणि मागायचं झालं तर बाजूला बोलावून हळू आवाजात मागतो. जुन्या काळचा सावकारसुद्धा दारात येऊन ओरडायला लाज सोडलेला माणूस शोधायचा, पगार देऊन ठेवायचा. तुमच्या कंपनीनं माझी सख्खी बहीण ठेवली.

पोरगी कोर्सवरून आली तेव्हा डबा नेमका बोलला. ती बोळातच उभी राहिली. पुढचं मी तिच्या शब्दांत लिहिते, कारण मला विसरता येत नाही. म्हणाली, "आई, मावशी हसते आहे का गं?"

हसतच होतीस. आवाजात ऐकू येतं.

एकच विचारते. हे "किरकोळ" वाक्य कुठल्या दिवशी बोललीस? ज्या दिवशी पाटी मिळाली त्याच्या आधी की नंतर?


१६ मार्च

ताई,

आधी.

पाटी मिळाली त्या आठवड्यातच बोलले होते ते. खोटं बोलणार नाही, समजून बोलले होते. हे बाहेर वाजणार, हेही मला सांगितलेलं होतं. मॅडम म्हणाल्या, "फोनवर निरोप पाठवला तर लोक वाचत नाहीत, चारचौघांत ऐकलं की भरतात." मला वाटलं, हे दुसऱ्यांसाठी आहे. जे मुद्दाम बुडवतात त्यांच्यासाठी. त्या वाक्यात तू असशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण तू कधी कुणाचं ठेवलं नाहीस. वाक्य अकरा वेळा करून घेतलं. दहा वेळा ते म्हणाले की हसू पुरेसं नाही.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच मॅडमच्या खोलीत गेले. म्हटलं, हे वाक्य काढून टाका. त्या चिडल्या नाहीत, त्याचंच मला वाईट वाटलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि पडद्यावर चित्र दाखवलं. हे वाक्य सुरू केल्यापासून वसुली कशी वर चढली त्याची रेघ. म्हणाल्या, "तुझ्या आवाजात ताकद आहे." मग म्हणाल्या, "तुझ्या बहिणीचं मला सांगायचं नाही का आधी? तिच्यापुरतं बंद करते. घरच्या माणसासाठी एवढं करायलाच हवं."

ताई, सोमवारपासून तुझा डबा ते वाक्य बोलणार नाही. तुला ऑफिसातून फोन येईल, फक्त हो म्हण. हप्त्यालाही महिनाभर सवड देणार आहेत. मी माझ्या पगारातून फीचे थोडे पाठवते. मला माहीत आहे, आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिव्या दे, पण हो म्हण.

तुझी धाकटी


२४ मार्च

धाकटे,

फोन आला होता. एक मुलगा अगदी लोणी लावल्यासारखं बोलत होता, "मॅडम, आपल्या यंत्राला विशेष सवलत मंजूर झाली आहे." मी नाही म्हटलं. त्यानं तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हटलं. तुझे पैसेही परत पाठवते आहे.

का, ते ऐक. फोन कानाला होता तेव्हाच समोर चप्पलवाल्या काकाचा डबा बोलला. रस्ता खणल्यापासून त्याच्याकडेही कोण येतंय? "या दुकानाचा हप्ता थकला आहे." तुझाच आवाज. काकाच्या हातात टोच्या होता, तो त्यानं खाली ठेवला आणि मान खाली घालून बसला. "पोरीनं नाव काढलं" म्हणणारा हाच तो माणूस. तुला त्यानं शाळेचे बूट फुकट शिवून दिले होते. कोपऱ्यावरच्या केळेवालीचा डबाही तेच बोलतो. ती तर डब्याला शिव्या देते, आणि शिव्या लागतात तुला, म्हणजे मलाच. आणि माझा तेवढा गप्प? मी त्यांच्या समोर बसून चेनी बसवत राहू, मालकिणीच्या बहिणीसारखी?

तुमच्या मॅडमना एवढं सांग. मी देणं नाकारत नाही. घेतलं आहे, पै न् पै फेडीन. मी दवंडी नाकारते.

आता पुढचं ऐक आणि हवं तर मॅडमना हेही सांग. फोन ठेवला, राग एवढा चढला होता की सुईत दोरा जाईना. म्हटलं, तोडून टाकावा डबा. पण तोडला तर त्याचे पैसे, बंद केला तर दंड. मग टेबलाखालच्या चिंध्यांच्या पोत्याकडे लक्ष गेलं. पँटची कापलेली टोकं, कोटांची जुनी अस्तरं, सगळं साठवलेलं. जाड निळ्या कापडाचे दोन थर घेतले, मध्ये चिंध्या ठासून भरल्या, जवळजवळ टाके घातले, गोधडीला घालतात तसे. डब्याच्या मापाची पिशवी केली, तोंडाला नाडी. वायरीपुरतं काज केलं, आणि पैसे आल्यावर जो हिरवा दिवा लागतो त्याच्यापुरती बटणाएवढी खिडकी. डबा आत घातला, नाडी आवळली. डबा चालू आहे, बोलतोही आहे. फक्त बाहेर येतं ते "हं हं हं", अंगावर पांघरूण घेऊन कुणी कुरकुरावं तसं. हिरवा दिवा दिसला की मला कळतं. गिऱ्हाइकाला काही कळत नाही. मूठ परत झाकली.

दुसरी पिशवी काकाला शिवून दिली, तिसरी केळेवालीला. परवापासून पलीकडच्या दोन बोळांतून माणसं यायला लागली आहेत. डबा काखेत धरून येतात, माप देतात. सुटे पैसे नाहीत म्हणणाऱ्या याच लोकांकडे पिशवीपुरते सुटे बरोबर निघतात. ते बटणांच्या डब्यात जातात, तुमच्या खात्यात नाही.

फोन करू नकोस. तो आवाज अजून मला ऐकवत नाही.

ताई


१२ एप्रिल

ताई,

तुझी पिशवी आमच्या ऑफिसात पोचली आहे.

खरंच सांगते. मोठ्या टेबलावर मधोमध ठेवली होती, निळी, नाडी बांधलेली. तपासणीच्या माणसानं कुठल्या तरी दुकानातून उचलून आणली. सगळे तिच्याभोवती जमले होते, जणू काही स्फोटकं. एक जण म्हणाला, "हा गुन्हा आहे का?" दुसरा म्हणाला, "नाही, यंत्र चालूच आहे, करारात काही लिहिलेलं नाही." मी टाके ओळखले. शेवटी गाठ मारून दोरा उलटा आत ओढलेला, तसा तूच ओढतेस. कुणाची पिशवी ते सांगितलं नाही. पण ताई, एवढ्या महिन्यांत मला पहिल्यांदा खोटं हसावं लागलं नाही.

नंतर मला स्पंजाच्या खोलीत नेलं. कागदावर एकच नवीन वाक्य. "कृपया यंत्रावरील आवरण काढा." हे दर पाच मिनिटांनी वाजणार, आवरण काढेपर्यंत. मी कागद वाचला. काचेतून खूण आली, हसून बोला. मी बोलले नाही. त्यांना वाटलं यंत्र बिघडलं, दोनदा तपासलं. मग मॅडम आत आल्या. मी म्हटलं, "हे मी बोलणार नाही, आणि थकल्याचं आधीचं वाक्यही काढा." शूर वगैरे काही नव्हते मी.

त्यांनी शांतपणे सांगितलं की माझी गरज उरलेली नाही. माझं इतकं बोलणं त्यांच्याकडे साठलं आहे की संगणक त्यातून काहीही बोलवून घेऊ शकतो, आकडेसुद्धा नव्यानं. माझा आवाज राहील, मी नाही. करारावर माझीच सही आहे. पाटी त्याच संध्याकाळी काढली. मी हॉस्टेलचा महिना भरला आहे, तेवढे दिवस इथे आहे. एका दवाखान्यात फोन घ्यायचं काम विचारून ठेवलं आहे.

तुझा डबा लवकरच ते वाक्य बोलायला लागेल. माझ्याच आवाजात बोलेल, आणि मी बोलले नाही हे तुला सिद्ध करून दाखवायला माझ्याकडे काही नाही. कुणालाच फरक कळत नाही, मलाही कळला नाही, त्यांनी ऐकवलं तेव्हा. एकदा तुला फसवलं आहे, तेव्हा तू विश्वास का ठेवावास? तरी लिहिते. मी बोलले नाही, ताई.

धाकटी


२७ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते वाचून मशीनच्या खणात टाकलं आणि विश्वास ठेवला नाही. खरं तेच लिहिते. म्हटलं, आता हिला नोकरी गेल्यावर बहीण आठवली. दोन दिवस तुझ्यावर दात खात पिशव्या शिवल्या, टाके मात्र फार घट्ट बसले.

मधे तुमचा माणूस आला, गळ्यात ओळखपत्र. म्हणाला, "बाई, यंत्र का झाकलंय?" मी म्हटलं, "थंडीताप भरलाय त्याला." "एप्रिलात?" "अहो, एप्रिलातलाच वाईट असतो." काका एवढा हसला की त्याच्या तोंडातले खिळे खाली पडले. त्या माणसानं नाडी सोडायला हात पुढे केला तेव्हा मी कात्री टेबलावर ठेवली. उचलली नाही, नुसती ठेवली. केळेवाली, काका, पलीकडचा चहावाला, सगळे येऊन उभे राहिले. किल्लीवालासुद्धा आला. जुडगा वाजवत म्हणाला, "जागा माझ्या ताब्यातली आहे, इथे परवानगीशिवाय हात लावायचा नाही." त्याचं प्रेम माझ्यावर नाही. वसुलीचा माणूस माझ्याकडून पैसे नेईल तर याच्या भाड्याला काय उरेल, हा त्याचा हिशोब. चालेल. भाडं मी पूर्वीच्यावर आणते आहे, ते भांडण वेगळं.

मग परवा डबा आतून जास्तच कुरकुरायला लागला. दर थोड्या वेळानं, थांबेचना. समजलं, ते नवीन वाक्य आलं. गिऱ्हाईक नव्हतं. मी नाडी सैल केली आणि पिशवीत कान घातला. "कृपया यंत्रावरील आवरण काढा. धन्यवाद!" तुझाच आवाज. तसाच गोड. माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, बघ, बोललीच शेवटी. नाडी आवळणार तेवढ्यात पोरीच्या मैत्रिणीनं दोन कोटांचे पैसे पाठवले. हिरवा दिवा लागला, आणि कान तसाच आत होता.

"एकशे चाळीस जमा झाले."

श्वास नव्हता.

शंभराच्या आधी श्वास नव्हता, धाकटे. सरळ आकडा, विहिरीत उडी मारायची भीतीच नाही. मी काकाला हाक मारली, म्हटलं मला एकशे दहा पाठव, आत्ता, का ते विचारू नकोस. त्यानं पाठवले. पुन्हा तसंच. परत दिले, पुन्हा मागवले. काकाला वाटलं मला उन्हाचा त्रास होतोय. मी पिशवीत तोंड खुपसून रडत होते, त्यामुळे त्याचं बरोबरच होतं.

ते तुझा आवाज उचलून घेऊन गेले आणि श्वास तेवढा राहून गेला. आकडे मी शिकवले म्हणून मला तरी कळलं. राग संपलेला नाही, लक्षात ठेव. काकाच्या डब्यातल्या वाक्याचा राग, अकरा वेळा हसलीस त्याचा राग, तो मी सोडणार नाही आणि तूही मला सोडायला सांगू नकोस. पण हप्ता थकल्याच्या त्या वाक्यासाठी जिच्यावर चिडायचं ती तू आणि आता त्या डब्यात जी बोलते ती, या दोघी वेगळ्या झाल्या. तिला मी पिशवीत कोंडून ठेवलं आहे. तुझ्यावर चिडायचं तर तू समोर हवीस.

उरलेली फी काल भरली. बटणांच्या डब्यातून, सगळी सुटी. खिडकीवरचा माणूस वैतागला, पोरीनं त्याला शांतपणे मोजायला लावलं. कर्जाचे हप्ते चालू आहेत, रोज कापतात, मुकाट्यानं.

हॉस्टेलचा महिना संपेल तेव्हा सामान घेऊन ये. पिशव्यांची मापं घ्यायला माणूस हवं आहे आणि दवाखान्याचं काम इथेही मिळेल. आज रात्री फोन कर, मी उचलेन. काहीही बोल, भांड, रड, पण एकही आकडा बोलू नकोस.

तुझी ताई